मापाची बट

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. अकोला, दादाच्या घराचं मागचं अंगण. हजर: आई, प्लास्टिकच्या खुर्चीवर. वहिनी, कंगवा घेऊन. मी, अमरावतीहून, पिशवी घेऊन. समोरच्या काकू, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण बसायला पाट त्या स्वतः घेऊन आल्या होत्या. दादा स्वयंपाकघराच्या दारात, एक पाय आत आणि एक बाहेर. त्याला हजर धरायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मी एका कॉलेजात प्रयोगशाळेचं भांडार सांभाळते. कोण होतं आणि काय आणलं, हे आधी सांगितल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. तर आणलं होतं ते असं: नवी कात्री, एक. स्टीलची पट्टी, एक. कपडे वाळत घालायचे चिमटे, डझनभर. जुनी चादर. पाणी फवारायची बाटली. आणि वरूडची संत्री, थैलीभर. संत्र्यांचा या कामाशी संबंध नव्हता, पण लेक रिकाम्या हाताने आलेली आईला चालत नाही. पट्टी आणि बाटली न वापरता परत आली. बाकी सगळ्याचा उपयोग झाला.

काम एका ओळीचं होतं. आईचे केस वीतभर कमी करायचे, आणि टोकं मात्र होती तशीच पातळ ठेवायची.

आईचे केस मुळाशी पांढरे, मध्ये करडे आणि शेवटाला तांबूस काळे आहेत. खुर्चीवर बसली की मांडीवर येऊन पडतात. शेवटचा हात-सव्वा हात इतका विरळ की मक्याच्या कणसाला असतात तसे दिसतात. पार्लरमधली कोणतीही मुलगी ते पाहून आधी कात्रीकडे हात नेईल. आईला मात्र त्या विरळ टोकांचीच गरज असते, कारण ती वेणीला रबर लावत नाही आणि रिबीनही नाही. रबराने केस तुटतात आणि रिबीन शाळेतल्या पोरींची, असं तिचं म्हणणं. वेणी संपत आली की उरलेल्या टोकांचे ती दोन भाग करते, एक भाग वेणीभोवती दोनदा फिरवते, दुसऱ्याच्या खालून काढते आणि ओढते. गाठ बसते. रात्री सोडेपर्यंत ती सुटत नाही. दादाच्या लग्नाच्या आधी कोणीतरी हौसेने तिला पार्लरला नेलं होतं. तिथे टोकं सरळ रेषेत कापली. लग्नाच्या दिवशी गाठ बसेना, आणि आहेराच्या रांगेत आई एका हाताने वेणी धरून उभी होती. सगळ्या फोटोंत तिचा डावा हात मानेमागे आहे. पाहणाऱ्याला वाटतं, मान आखडली असावी.

आता खरंच आखडला तो उजवा खांदा. डॉक्टर म्हणाले की सुटेल, पण वेळ घेईल, आणि व्यायाम दिला. भिंतीवर बोटांनी चढत जायचं. आई रोज चढते. हात छातीच्या वर जात नाही. पावसाळ्यापासून तिची वेणी वहिनी घालत होत्या. त्यात कोणाची काही तक्रार नव्हती. पण वहिनींची बदली अचलपूरला झाली. तिथे खोली घेतलेली, सोमवारी सकाळच्या एसटीने निघायचं आणि शनिवारी परत यायचं. म्हणजे सोमवारपासून आईच्या केसांना घरात दोनच हात उरत होते, दादाचे.

दादा वायरमन आहे. त्याने एक दिवस सराव म्हणून आईची वेणी घातली होती. तीनऐवजी दोनच पदर घेतले, घट्ट पीळ दिला आणि शेवटाला इन्सुलेशनची काळी टेप लावली. टेप काढताना बरेच केस टेपसोबत गेले.

दादाने मग बॉबकट सुचवला. समोरच्या काकूंच्या भाचीचं पार्लर आहे, ती सोमवारी संध्याकाळी घरी येऊन करून देणार होती. खुर्चीसुद्धा उचलायची गरज नाही, असं काकूंनी सांगितलं होतं.

आईचं यावर काय म्हणणं होतं ते मला फोनवर कळलं, आणि मी रविवारची सुटी त्यात घातली. कारण एक गोष्ट दादाला माहीत नाही, मला माहीत आहे. आजी शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचे केस आईनेच कापले होते. गुंता फार झाला होता आणि करणारे हात थोडे होते. सगळ्यांची सोय झाली. आजीने त्यानंतर आरसा मागितला नाही. आईने मला हे एकदाच सांगितलं, भेंडी चिरता चिरता, आणि लगेच म्हणाली की भेंडी जून निघाली. तिच्या हिशेबात आखूड केस ही सोय असते, आणि सोय दुसऱ्यांची असते.

म्हणून तिने दादाशी ठराव केला. केस वीतभर कमी करून पाहू. तेवढ्याने विंचरताना हात लांब न्यावा लागणार नाही, मांडीवर गुंता होणार नाही. मग ती सगळे केस डाव्या खांद्यावरून पुढे घेणार आणि छातीच्या खाली, स्वतःच्या डोळ्यांसमोर वेणी घालणार. गाठ बसली तर ठीक. नाही बसली तर भाचीला येऊ दे. आईने शब्द दिला की ती मागे फिरत नाही, ही या घरातली जुनी अडचण आहे.

दादा म्हणाला, "उद्याची वाट काहून पाहाची? आजच घालून दाखव. ही असेपर्यंत." ही म्हणजे वहिनी.

"दाखवीन," आई म्हणाली. "आधी तुह्या बहिणीले कात्री धरता येते का ते पाहू."

मी चादर अंथरली, आईच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, मागे चिमटा लावला. केस विंचरून झाले होते. मी बाटली काढली.

"हे काय?"

"पानी. केस ओले करून कापतात."

"कोन कापते?"

"सगळेच."

"ओला कपडा कापते काय कोनी? वाळला का आखडते. ठेव ते."

इथे सांगायला हवं की आईने तीस-एक वर्षं घरी ब्लाऊज शिवले. आमची दोघांची शिक्षणं त्या मशीनवर झाली. बाया नवं कापड आणत आणि सोबत एक अंगाला नीट बसणारं जुनं ब्लाऊज. त्याला मापाचं ब्लाऊज म्हणतात. आई टेपने माप क्वचितच घेई. मापाचं ब्लाऊज कापडावर पसरून खडूने आखत असे, आणि काम होईपर्यंत ते खिळ्याला टांगून ठेवत असे. नवं ब्लाऊज घालून पाहिलं, काखेत दाटत नाही, अशी बाईची खात्री झाली की मगच जुनं परत. एक बाई नवं घेऊन गेली आणि जुनं न्यायला आलीच नाही. ते पोपटी ब्लाऊज अजून आईच्या पेटीत आहे.

तर बाटली बाजूला ठेवली. मी पट्टी काढली, तीही आईने बाजूला ठेवायला लावली. वीत म्हणजे आईची वीत, आणि ती तिच्याकडे होती.

मग मी केसांचे भाग केले. मागचे सहा, बाजूचे दोन-दोन, प्रत्येकाला एक चिमटा. काकू पाटावर पुढे सरकल्या.

"दोरीवर कपडे वाळू घातल्यावानी दिसून राहिलं," त्या म्हणाल्या. "कापून टाका नं बाई एकदाचे. डोक्याले हवा लागते."

"तुमच्या डोक्याले लागली ते पुरे हाये," आई म्हणाली. काकूंचे केस मानेपर्यंत आहेत.

"मी त मोकळी झाली. लहान पोरीवानी वाटते."

"मले नात हाये. मी काहून लहान पोरीवानी वाटून घेऊ?"

वहिनी हसल्या नाहीत, पण कंगवा त्यांच्या हातून पडला.

पहिला भाग मी मागचा मधला घेतला. दोन बोटांत धरला, वीतभर वर बोटं नेली आणि कापला. कर्रर्र असा आवाज झाला आणि चादरीवर एक सरळ झुपका पडला, दात घासायच्या ब्रशच्या तोंडासारखा. आईला मागे काय झालं ते दिसत नव्हतं. पण तीस वर्षं कात्रीचा आवाज ऐकलेला कान होता.

"आडवी धरली," ती म्हणाली.

"थोडीशीच."

"हे काय परकर हाये काय, सरळ घेर कापाले? इकडे आन ते."

मी झुपका तिच्या हातात दिला. तिने तो दोन बोटांत चोळून पाहिला आणि वहिनींकडे दिला, जणू तो पुरावा होता. वहिनींनी दादाकडे दिला. दादाने तो कुठे ठेवावा हे न समजून शर्टाच्या खिशात ठेवला.

मग आईने आतून तिची कपड्याची कात्री आणायला सांगितली. ही कात्री कागदाला लावायची नाही, हा नियम आमच्या लहानपणी जेवणाआधी हात धुण्याच्या वर होता. वहिनी कात्री घेऊन आल्या आणि दादा दारातून पूर्ण आत गेला. पात्यांवर वायरच्या वेष्टनाचा लाल रंग होता आणि मधोमध दोन खाचा.

"कधी?" आईने विचारलं.

"पावसाळ्यात," आतून आवाज आला. "लाईट गेली होती. हाताशी हीच होती."

आईने कात्री मांडीवर ठेवली आणि एका खाचेवरून अंगठा फिरवला. म्हणाली, "खांदा काय अन् कात्री काय. एकाच पावसाळ्यात गेले." मग माझी नवी कात्री मागितली, पेटीतून रुबिया कापडाची एक चिंधी आणवली, डाव्या हाताने तिरपी कापून पाहिली आणि म्हणाली, "चालते. तुह्या हाताचा दोष होता."

पुढे तिने सांगितलं तसं केलं. एका वेळी बोटाएवढी बट घ्यायची. हलका पीळ द्यायचा, दादासारखा नाही. कात्री उभी धरायची, टोकं वरच्या दिशेने. पिळाच्या कडेने थोडे थोडे केस घ्यायचे, खाली जास्त, वर कमी. पीळ सोडला की काही केस लांब राहतात, काही आखूड, आणि शेवट आपोआप निमुळता होतो. खाली पडणारे केस झुपक्याने पडायला नकोत, कापसाच्या तुसासारखे विखरून पडायला हवेत. चादरीकडे पाहत राहायचं. चुकलं की नाही ते तिथे आधी दिसतं.

या पद्धतीने कापायला फार वेळ लागतो. काकूंनी संत्री सोलायला घेतली आणि सगळ्यांना वाटली. साली चादरीच्या कडेला ठेवल्या. मी प्रत्येक भाग झाला की त्याचा चिमटा काढून खिशात टाकत होते. वहिनी मागून दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघत होत्या आणि डावीकडे जास्त आहे असं म्हणायचा मोह आवरत होत्या. तो आवरला नाही की केस कुठपर्यंत चढतात हे त्यांनी आता हॉस्टेलवर असलेल्या स्वतःच्या मुलीच्या बाबतीत पाहिलेलं आहे.

या सगळ्या वेळात आईचा डावा हात पदराखाली होता. मुठीत काहीतरी धरलेलं दिसत होतं. मला वाटलं, संत्र्याच्या बिया असतील. तिला बिया जमिनीवर टाकायला आवडत नाही.

सगळे चिमटे खिशात आले. मी टॉवेल सोडून झटकला आणि म्हणाले, "झालं."

आई उठली नाही. तिने खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली, आमच्याकडे पाठ करून बसली. दादा परत दारात आला. या वेळी दोन्ही पाय बाहेर होते.

केस तिने डाव्या हाताने पुढे घेतले. कंगवा उजव्या हातात, कोपर अंगाला चिकटलेलं. विंचरताना एकदाच थांबली. मग तीन पदर केले. मागून आम्हाला तिची कोपरं दिसत होती, आणि ती फारशी हलत नव्हती. वेणी होत होती एवढं कळत होतं. काकूंनी संत्र्याची फोड तोंडाशी नेली होती, ती तिथेच धरून ठेवली होती.

मग ती गाठीशी आली. एकदा हात घट्ट झाले. सैल झाले. पुन्हा घट्ट झाले.

"नाही बसून राहिली," दादा हळू आवाजात म्हणाला.

"तुले कोनी इचारलं?" आई म्हणाली.

मी पुढे जाऊन पाहिलं. वेणी चांगली झाली होती, डाव्या कानाखालून सुरू होऊन सरळ खाली. पण शेवटाला ती पहिली बट होती, मी आडवी कापलेली. तिची टोकं गाठीच्या फटीतून खराट्यासारखी बाहेर येत होती आणि गाठ उलगडत होती. दुसरी टोकं निमुळती झाली होती खरी, पण त्यांची लांबी वेणीभोवती दोनदा फिरेल एवढी नव्हती. मी वीतभर म्हणजे वीतभर कापले होते. कामात मी चोख असते.

काकू म्हणाल्या, "भाचीले सांगू का मग? ती त उद्या मोकळीच हाये."

वहिनी आईच्या बाजूला जाऊन बसल्या, जमिनीवर, आणि म्हणाल्या, "आई, मी रजा टाकते दोन दिवस."

"नवीन जागी पहिल्याच दिवशी? काही नको." आईने वेणी अर्ध्यापर्यंत सोडली. मग डावा हात पुन्हा पदराखाली नेला आणि मूठ बाहेर काढली. मुठीत संत्र्याच्या बिया नव्हत्या. एक बट होती, पूर्ण लांबीची, बोटभर जाडीची, शेवटाला कणसाच्या केसांसारखी. गळ्याच्या बाजूने, टॉवेलच्या खालून तिने ती आधीच ओढून घेतली होती.

"ही कुठून आली?" मी म्हणाले.

"डोक्यातून."

"मी भाग मोजून घेतले होते."

"तू मोजले. मी धरले." तिने ती बट एका पदरात मिसळली आणि पुन्हा विणायला लागली. "मापाचं ब्लाऊज कापते काय कोनी? नवं अंगाले बसलं त ठीक. नाही बसलं त मंग माप कुठून आनू?"

वेणी संपली तेव्हा बाकीच्या केसांच्या पुढे ती बट वीतभर उरली होती. आईने ती वेणीभोवती दोनदा फिरवली, खालून काढली. ओढायला उजवा हात कमी पडला. तिने वेणी वर घेतली, टोक दातांत धरलं आणि डाव्या हाताने ओढलं. मी आडवी कापलेली टोकं त्या वेढ्यांखाली दबून गेली.

मग तिने खुर्ची आमच्याकडे वळवली. वेणी पुढे, पदरावर. दादाने जवळ येऊन गाठ पाहिली. त्याला गाठी कळतात. त्याने ती अंगठ्याने दाबली, थोडी ओढली.

"बसली," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. ठरलं तसं."

काकूंनी फोड खाल्ली आणि पाट उचलला. जाताना म्हणाल्या की भाचीला दुसरीकडे काम आहेच, तिचं काही अडलेलं नाही. आई म्हणाली, "तिले संत्री घेऊन जा चार." काकूंनी सहा नेली.

वहिनी सोमवारी सकाळी गेल्या. मी अमरावतीहून फोन केला तेव्हा दादा डबा भरत होता.

"वेणी?"

"झाली."

"कोनी घातली?"

"तिनंच. दात लावले."

"गाठ?"

"बसली वाटते. मी हात लावणार नाही आता."

त्यानंतर एक पौर्णिमा होऊन गेली. आई पांढरी साडी नेसून विहारात जाऊन आली, वेणी पुढे घेऊनच, आणि तिथल्या दोन बायांनी तिला विचारलं की ही नवीन पद्धत कुठली. भिंतीवर तिची बोटं आता स्विचबोर्डाच्या खालच्या कडेपर्यंत चढतात. दादाने तिची कात्री धार लावायला दिली. धारवाला म्हणाला की खाचा जाणार नाहीत, पण कापड कापेल. कागदाबद्दल त्याला कोणी विचारलं नाही. दादाच्या शर्टाच्या खिशातला तो झुपका धुण्यात गेला.

मी गेल्या रविवारी पुन्हा अकोल्याला गेले होते. कात्री, चादर, चिमटे, सगळं घेऊन. आडवी कापलेली बट आता थोडी वाढली होती, ती उभ्या कात्रीने नीट केली. आईने चादरीवर काय पडतंय ते पाहिलं; तूसच होतं. मग मी ती लांब बट हातात घेतली, बाकीच्यांच्या बरोबरीने करायला.

"ते राहू दे," आई म्हणाली.

"आई, गाठ बसते नं आता रोज."

"बसते."

"मग?"

"हात वर जाऊ दे आधी. पाठीमागे घालून पाहीन. काखेत दाटत नाही, हे कळलं पाहिजे नं."

म्हणून ते काम तसंच आहे. डाव्या बाजूची बट, वीतभर, कापायची बाकी. घरी परतल्यावरही कात्री मी पिशवीतून काढलेली नाही.